ताळा जुळत नाही, बाकी शून्य होत नाही: डेटाबेसमधल्या फ्लोट कॉलमचा बंदोबस्त

लक्षणं ठरलेली आहेत. ट्रायल बॅलन्समध्ये नावे आणि जमा या दोन्ही बाजू पडद्यावर अगदी सारख्या दिसतात, पण दोन्हींतला फरक शून्य आहे का असं विचारलं की क्वेरी ‘नाही’ म्हणते. पूर्ण भरलेल्या बिलाची बाकी १.४५५१९१५२२८३६६८५२ई-११ (ई-११ म्हणजे गुणिले १० चा उणे ११ वा घात) येते. अहवालात -०.०० छापलं जातं. ‘व्हेअर रक्कम = ०.१’ ला एकही ओळ सापडत नाही, आणि ती ओळ तर डोळ्यांसमोर असते. मग कोणीतरी त्या अहवालात राउंड (गोलाई करणारं फंक्शन) घालतं, तक्रार बंद होते आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या अहवालातून तीच तक्रार परत येते.

राउंडने दुखणं जात नाही, कारण रक्कम बिघडते ती अहवालात नाही. ती कॉलममध्ये शिरतानाच किंवा वाटेत एखाद्या व्हेरिएबलमधून जाताना बिघडते. ती जागा शोधून तिथला प्रकार (डेटा टाइप) बदलणं, म्हणजे फ्लोटच्या जागी दशमान अंक तंतोतंत ठेवणारा डेसिमल (त्यालाच न्यूमरिकही म्हणतात) आणणं हाच इलाज. (खाली कीवर्ड आणि फंक्शनची नावं देवनागरीत लिहिली आहेत, चालवताना नेहमीचं स्पेलिंग टाका.)

आत नेमकं काय साठतं

फ्लोट आणि डबल हे दोन्ही प्रकार आयईईई ७५४ या १९८५ च्या प्रमाणकाप्रमाणे द्विमान पद्धतीत संख्या ठेवतात. ३२ बिटांच्या प्रकारात १ बिट चिन्हाला, ८ घातांकाला आणि २३ अंकभागाला असतात. ६४ बिटांच्या प्रकारात १, ११ आणि ५२. दशमान पद्धतीत १/३ कधी संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत १/१० संपत नाही. त्यामुळे ०.१ लिहिलं की ६४ बिटांत प्रत्यक्षात ०.१००००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२११८१५८३४०४५४१०१५६२५ इतकं साठतं. ०.५, ०.२५, ०.७५ मात्र तंतोतंत बसतात. चाचणीच्या डेटात सगळ्या रकमा पन्नास पैशांच्या पटीत असल्या की सगळं सुरळीत चालतं ते यामुळेच.

आता ती १.४५५१९१५२२८३६६८५२ई-११ ची बाकी पाहा. हा कचरा नाही, ही संख्या नेमकी २ चा उणे ३६ वा घात आहे. डबलमध्ये ६५,५३६ ते १,३१,०७२ या पट्ट्यात शेजारशेजारच्या दोन संख्यांमधलं अंतर बरोबर एवढंच असतं. म्हणजे बेरीज-वजाबाकी चालू असताना चालती बाकी या पट्ट्यात होती आणि शेवटच्या बिटात एका घराची चूक राहिली. बाकी ९.०९४९४७०१७७२९२८२ई-१३ दिसली, तर तो २ चा उणे ४० वा घात, म्हणजे रक्कम ४,०९६ ते ८,१९२ च्या दरम्यान होती. असा आकडा दिसला की ‘कोणाची तरी नोंद चुकली असेल’ म्हणून खतावणी चाळत बसू नका. गुन्हेगार प्रकारच आहे.

३२ बिटांचा फ्लोट पैशांसाठी किती वाईट

डबलमध्ये एकेकटी रक्कम दोन दशांशांवर आणली की मूळ आकडा परत मिळतो. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये तेही होत नाही, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

१,३१,०७२ रुपयांच्या पुढे फ्लोटच्या दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर ०.०१५६२५ रुपये होतं, म्हणजे एका पैशापेक्षा जास्त. तिथे १,५०,०००.०१ साठवा, आत १,५०,०००.०१५६२५ बसतं आणि दोन दशांशांत .०२ दिसतं. १,५०,०००.०२ साठवलं तरी आत तीच संख्या बसते. दोन वेगळ्या रकमा एक झाल्या, आणि त्या पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत. ८३,८८,६०८ च्या पुढे अंतर पूर्ण एक रुपया होतं. १,६७,७७,२१६ च्या पुढे दोन रुपये: १,६७,७७,२१७ ही संख्या ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये अस्तित्वातच नाही. एका मध्यम गृहनिर्माण संस्थेची वर्षाची उलाढालही यांतली पहिली मर्यादा सहज ओलांडते.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये फ्लोट(१०,२), म्हणजे एकूण दहा अंक आणि त्यांतले दोन दशांशानंतर, असं लिहून काही साधत नाही. दोन दशांशांवर गोलाई होते, पण साठवण द्विमानच राहते. फ्लोट(एम,डी) ही लेखनपद्धत ८.०.१७ पासून कालबाह्य ठरवली आहे.

आधी नाव तपासा, मग प्रकार

प्रत्येक डेटाबेसमध्ये त्याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे आणि स्थलांतरात इथेच घात होतो.

मायएसक्यूएलमध्ये फ्लोट ४ बाइटचा, डबल ८ बाइटचा, आणि रिअल म्हणजे सेटिंग बदललं नसेल तर डबल. पोस्टग्रेसमध्ये रिअल ४ बाइटचा, डबल प्रिसिजन ८ बाइटचा. म्हणजे मायएसक्यूएलमधलं ‘रिअल’ जसंच्या तसं पोस्टग्रेसच्या स्क्रिप्टमध्ये उतरवलं की अर्धे बिट गेले. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नुसतं फ्लोट म्हणजे फ्लोट(५३), ८ बाइट. १ ते २४ पर्यंत आकडा दिला तर ४ बाइट, आणि रिअल म्हणजे फ्लोट(२४). ओरॅकलमध्ये फ्लोट हा नंबरचाच पोटप्रकार असून तो आत दशमान पद्धतीने ठेवला जातो. तिथे द्विमान हवं असेल तर बायनरी_फ्लोट किंवा बायनरी_डबल असं वेगळं मागावं लागतं.

एसक्यूलाइटचं प्रकरण सगळ्यांत फसवं. टेबल बनवताना डेसिमल(१०,२) लिहिलं तर ते मुकाट्याने मान्य होतं, पण अपूर्णांक ८ बाइटच्या रिअलमध्येच जातो. तिथे रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवणं हा सरळ मार्ग. मोबाइल अॅपमधली वसुली आणि सर्व्हरवरची वसुली जुळत नसेल तर पहिला संशय इथे घ्या.

‘आमच्याकडे तर ०.१ + ०.२ बरोबर येतं’

येईलच. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर, तिन्हींमध्ये नुसतं ०.१ लिहिलं की तो दशमान, अचूक प्रकार धरला जातो. त्यामुळे ही चाचणी तुमच्या कॉलमबद्दल काहीच सांगत नाही. मायएसक्यूएलमध्ये ०.१ई० + ०.२ई० असं घातांकासह लिहा, पोस्टग्रेसमध्ये दोन्हींना डबल प्रिसिजनमध्ये कास्ट करा (म्हणजे त्या प्रकारात बदला), मग ०.३ शी तुलना करा. उत्तर खोटं येतं, कारण बेरीज ०.३ पेक्षा किंचित जास्त येते. पडद्यावर सतरा अंकांत ती ०.३००००००००००००००० नंतर ४ अशी दिसते.

दिसण्यावरूनही निष्कर्ष काढू नका. पोस्टग्रेस ११ पर्यंत डबल १५ अंकांत छापलं जायचं, म्हणून ती बेरीज ०.३ दिसायची. २०१९ च्या आवृत्ती १२ पासून मूळ संख्या परत मिळेल इतके अंक छापले जातात. आवृत्ती वाढवल्यावर ‘नव्या पोस्टग्रेसने आकडे बिघडवले’ अशी ओरड होते; आकडे आधीपासून तसेच होते, आता दिसायला लागले इतकंच. मायएसक्यूएल ४ बाइटचा फ्लोट दाखवताना सहाच अंक दाखवतो: १२३४५६७.८९ साठवलं तर १२३४५७० दिसतं. कॉलममध्ये ०ई० मिळवून सिलेक्ट करा, म्हणजे ते डबल होतं आणि आतली खरी संख्या, १२३४५६७.८७५, बाहेर येते.

फ्लोट कुठून शिरतोय ते शोधणं

पहिली पायरी सोपी: इन्फर्मेशन_स्कीमा.कॉलम्समध्ये डेटा_टाइप फ्लोट, डबल, रिअल किंवा डबल प्रिसिजन असलेले सगळे कॉलम काढा. ओरॅकलमध्ये ऑल_टॅब_कॉलम्स. यादीत रक्कम, दर, कर, सवलत, व्याज, शिल्लक अशा नावांचे कॉलम असले तर त्यांना खूण करा.

कॉलम सगळे डेसिमल निघाले तरी दोष फ्लोटचा असू शकतो. एका गणितात एक पद फ्लोट असलं की पूर्ण उत्तर फ्लोट होतं. एसक्यूएल सर्व्हरच्या प्रकारक्रमात फ्लोट डेसिमलच्या वर आहे. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्येही न्यूमरिक गुणिले डबल म्हणजे डबल. स्टोअर्ड प्रोसिजरच्या (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅमच्या) माथ्यावर जीएसटीचा दर फ्लोट म्हणून जाहीर केलेला असतो आणि त्याच्याने गुणलेली प्रत्येक अचूक रक्कम बाटते. संशयित गणित घेऊन त्याचा प्रकार विचारा: पोस्टग्रेसमध्ये पीजी_टाइपऑफ, एसक्यूलाइटमध्ये टाइपऑफ, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसक्यूएल_व्हेरियंट_प्रॉपर्टी आणि त्यात ‘बेसटाइप’. मायएसक्यूएलमध्ये तेच सिलेक्ट वापरून तात्पुरतं टेबल बनवा आणि डिस्क्राइब करा. कॉलमचा प्रकार समोर येतो.

तिसरी जागा डेटाबेसच्या बाहेरची, म्हणजे ड्रायव्हर (अॅप आणि डेटाबेस यांना जोडणारा भाग) आणि अॅप. जावात गेटडबलऐवजी गेटबिगडेसिमल हवं, आणि बिगडेसिमल बनवताना त्याला डबल नव्हे, मजकूर द्यायचा. नोडचा पोस्टग्रेस ड्रायव्हर न्यूमरिक मुद्दाम मजकूर म्हणून देतो. तो मिळताक्षणी पार्सफ्लोट केला, म्हणजे मजकुराचा डबल केला, तर सगळी मेहनत वाया. रुपयांचे पैसे करताना १०० ने गुणून अपूर्णांक छाटण्याची सवय तर फार महागात पडते: डबलमध्ये १९.९९ गुणिले १०० म्हणजे १९९८.९९९९९९९९९९९९८, छाटल्यावर १९९८. ४.३५ चे ४३४ होतात.

एक लपलेला फ्लोट मायएसक्यूएलमध्ये आहे. खातं क्रमांक व्हारकॅर (मजकुराच्या) कॉलममध्ये असेल आणि क्वेरीत तो अवतरणचिन्हांशिवाय, संख्या म्हणून लिहिला, तर तुलना फ्लोटिंग पॉइंटमध्ये होते. डबलला ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढचा प्रत्येक पूर्णांक वेगळा ओळखता येत नाही. सतरा अंकी क्रमांकांत शेवटचा अंक वेगळा असलेलं भलतंच खातं जुळू शकतं. क्रमांक अवतरणात टाका. इंडेक्सही तेव्हाच वापरला जातो.

गोलाईचा रुपया

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयात आणताना ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर, कमी असतील तर सोडून द्यायचे. नियम स्वच्छ आहे; फ्लोट तो दोन तऱ्हांनी मोडतो.

एक: बरोबर ५० पैशांवर आलेली संख्या आत किंचित कमी असते. १.००५ गुणिले १०० म्हणजे १००.५०, पण डबलमध्ये १००.४९९९९९९९९९९९९९. १०१ च्या जागी १०० लागतात. त्याच कारणाने मायएसक्यूएलमध्ये राउंड(१.००५, २) चं उत्तर १.०१, तर राउंड(१.००५ई०, २) चं १.

दोन: संख्या तंतोतंत असली तरी गोलाईचा नियम प्रकारानुसार बदलतो. मायएसक्यूएलमध्ये राउंड(२.५) चं उत्तर ३, राउंड(२५ई-१) चं साधारणपणे २. पोस्टग्रेसमध्येही न्यूमरिकचा २.५ वर जातो, डबल प्रिसिजनचा बहुतेक यंत्रांवर जवळच्या सम संख्येकडे. अडीच रुपयांचा कर कॉलमच्या प्रकारावरून दोन किंवा तीन रुपये ठरतो, आणि जीएसटी पोर्टलवरचा आकडा तुमच्या आकड्याशी जुळत नाही.

पोस्टग्रेसमध्ये डबल प्रिसिजन कॉलमवर दोन दशांशांचा राउंड लावला की ‘असं फंक्शन नाही’ अशी चूक येते. तिथे न्यूमरिकमध्ये कास्ट करून पुढे जातात, पण खरं म्हणजे ती चूक हीच सूचना समजावी.

कॉलम बदलायची रीत

१. दशांश किती लागतात ते डेटाला विचारा. मूळ संख्या आणि तिचं दोन दशांशांचं रूप यांत ०.०००१ पेक्षा जास्त फरक असलेल्या ओळी मोजा. शून्य नसतील तर तो कॉलम रकमेचा नसून दराचा किंवा वजनाचा असू शकतो. रकमेला डेसिमल(१४,२) पुरतं: १ लाख कोटींच्या आतली कोणतीही रक्कम बसते. विनिमय दर आणि प्रतिनग दराला (१८,६) ठेवा. आकडे न देता नुसतं डेसिमल लिहू नका: मायएसक्यूएल त्याचा (१०,०) करतो, एसक्यूएल सर्व्हर (१८,०), आणि पैसे गायब.

२. जुन्या कॉलमला हात न लावता शेजारी नवा कॉलम जोडा. मोठ्या टेबलवर थेट अल्टर टाइप चालवलं तर पोस्टग्रेस पूर्ण टेबल नव्याने लिहितो आणि तोवर वाचनसुद्धा अडतं. मायएसक्यूएलमध्ये टेबलची नक्कल होते आणि लेखन थांबतं.

३. जुन्यातून नव्यात आकडे भरा, पाच-दहा हजार ओळींच्या तुकड्यांनी. पोस्टग्रेसवर इथे एक खड्डा आहे: रिअलमधून थेट न्यूमरिकमध्ये कास्ट करताना सहाच अंक टिकतात. १२३४५६७.९ दिसणारी रक्कम १२३४५७० होऊन बसते, आणि इशारा काहीच येत नाही. आधी डबल प्रिसिजनमध्ये, मग न्यूमरिकमध्ये, मग राउंड, याच क्रमाने जा.

४. ओळीओळीने फरक तपासा. डबल असलेल्या कॉलममध्ये जुना आणि नवा यांत ०.००५ पेक्षा जास्त फरक एकाही ओळीत नसावा. एकूण बेरजेची तुलना पुरेशी नाही. दोन उलट चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

५. अॅप दोन्ही कॉलममध्ये लिहायला लावा, एक हिशोबचक्र जाऊ द्या, मग वाचन नव्यावर वळवा आणि नावं बदला. व्ह्यू, ट्रिगर, प्रोसिजरचे पॅरामीटर आणि अहवालांची तात्पुरती टेबलं विसरू नका.

४ बाइटच्या फ्लोटमध्ये गेलेले पैसे या रीतीने परत येत नाहीत. तिथे बिलाच्या ओळींवरून, म्हणजे नग गुणिले दर करून, किंवा बँकेच्या पत्रकावरून रक्कम पुन्हा काढावी लागते. ‘जवळपास बरोबर’ आकडे नव्या डेसिमल कॉलममध्ये ओतले की ते कायमचे खरे दिसायला लागतात, म्हणून अशा ओळींवर वेगळी खूण ठेवा.

जागा जास्त लागेल ही भीती बहुधा फुकाची असते. मायएसक्यूएल नऊ अंकांना ४ बाइट घेतो; डेसिमल(१४,२) ला ७ बाइट, डबलला ८. एसक्यूएल सर्व्हरवर तोच डेसिमल ९ बाइट घेतो. मात्र ‘सुरक्षित राहू’ म्हणून सगळीकडे डेसिमल(३८,१०) करू नका: एसक्यूएल सर्व्हरमध्ये असे दोन कॉलम गुणले की उत्तर (३८,६) होतं आणि सातव्या दशांशापुढचं जातं.

बदल लगेच शक्य नसेल तर

बरोबरीचं चिन्ह काढा. कॉलम ‘बिट्वीन १९९.९९५ अँड २००.००५’ अशी तुलना करा. एबीएस(कॉलम - २००) < ०.००५ हेही चालतं, पण कॉलम फंक्शनमध्ये अडकल्यामुळे साधा इंडेक्स वापरला जात नाही. फ्लोट कॉलमवर जॉइन, ग्रुप बाय, डिस्टिंक्ट किंवा युनिक कधीच नको. दिसायला एकच असलेले दोन गट मिळतात. बेरीज करताना प्रत्येक ओळ आधी डेसिमलमध्ये कास्ट करून मग सम करा. आधी सम आणि मग राउंड यात क्रमाची चूक शिल्लक राहते: डबलमध्ये (०.१ + ०.२) + ०.३ चं उत्तर ०.१ + (०.२ + ०.३) शी जुळत नाही. समांतर चालणाऱ्या क्वेरीत ओळींचा क्रम दर वेळी वेगळा असू शकतो, म्हणून तोच अहवाल दोनदा चालवून शेवटचा अंक बदललेला दिसतो.

एक्सेलमधून एसक्यूएल सर्व्हरमध्ये आणलेले दहा अंकी क्रमांक ९.८७६५४ई+००९ असे दिसत असतील, तर तो कॉलम फ्लोट म्हणून आला आहे आणि मजकुरात बदलताना सहा अंकांवर छाटला गेला आहे. आधी बिगइंटमध्ये (मोठ्या पूर्णांकात), मग व्हारकॅरमध्ये कास्ट करा. सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य झाला असेल तर तो एक्सेलमध्येच गेला, कारण तिथे पंधराच अंक टिकतात. मूळ फाइलमध्ये तो कॉलम मजकूर करून पुन्हा आणावा लागेल.

डेसिमलनेही न सुटणारी एक गोष्ट उरते ती म्हणजे वाटणी. १०० रुपयांचे तीन हप्ते ३३.३३ चे केले की एक पैसा उरतोच. पहिले हप्ते गोल करा आणि शेवटचा हप्ता एकूण रकमेतून आधीचे वजा करून काढा, तोही एकाच प्रोसिजरमध्ये, नाहीतर प्रत्येक पडदा आपापला पैसा वेगळ्या ओळीत टाकतो.

आणि सगळेच फ्लोट काढत सुटू नका. तापमान, दाब, पावसाची मोजणी यांत उपकरणाचीच चूक शेवटच्या बिटापेक्षा लाखो पटींनी मोठी असते. तिथे डबलच योग्य आणि वेगवान. अक्षांश-रेखांशालाही डबल चालतो. फक्त ४ बाइटचा नको: पुण्याच्या ७३.८६ रेखांशापाशी त्याच्या दोन शेजारच्या संख्यांमध्ये जमिनीवर सुमारे ८० सेंटीमीटरचं अंतर पडतं. डिलिव्हरीच्या पत्त्याला ते खपेल, जमिनीच्या हद्दीला खपणार नाही.